सपत्नीक वानप्रस्थ

अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काल कोरलेला असल्यामुळे, या भूभागाचा इतिहास सांगू लागणाऱ्याने वालधुनी नदीच्या काठच्या त्या काळ्या पाषाणापासून आरंभ करावा असा शिरस्ता आमच्याकडे पडून गेला आहे. शिलाहारांचे वैभव, देवालयाच्या भिंतींवरील शिल्पे आणि महाशिवरात्रीची यात्रा एवढे सांगून झाले की लेखक आगपेट्यांच्या कारखान्याकडे वळतो आणि तेथून फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावण्यांत उतरलेल्या सिंधी निर्वासितांकडे येतो. या शिरस्त्यात गैर काही नाही. परंतु त्यामुळे शिलालेखाच्याही पूर्वी पाचशे वर्षे याच खोऱ्यात नांदत असलेली एक गोष्ट नजरेआड होते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या ग्रंथात ‘कल्लियाना’ येथील ख्रिस्ती मंडळीचा उल्लेख केला असून, तेथील बिशप इराणातून नेमून येतो असे लिहून ठेवले आहे. आणि हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याणच, असे बहुतेक पंडित मानतात. १९८८ साली केरळातून आलेल्या सिरो-मलबार ख्रिस्ती लोकांसाठी कल्याण येथे धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा त्या गावाला पुन्हा बिशप मिळाला; आणि या मंडळीची उपासनापद्धती त्याच प्राचीन पूर्वसिरियन परंपरेतली आहे. चौदा शतकांचे अंतर ओलांडून जुळलेला हा योगायोग मला त्या शिलालेखाहून कमी विलक्षण वाटत नाही.

मात्र बिशपांची मालिका सांगणे हा येथे हेतू नाही. संसाराची धावपळ उरकत आल्यावर एखाद्या वयस्क दांपत्याने उर्वरित आयुष्य धर्मप्रसाराला वाहावे आणि त्यासाठी दोघांनी नव्याने विद्यार्थी व्हावे, ही जी प्रथा आज अमेरिकेतील युटा प्रांताच्या चर्चमध्ये रीतसर चालू आहे, तिचा माग आपल्या मुलखात कुठवर लागतो, एवढेच पाहावयाचे आहे. त्या चर्चमधील अशी जोडपी प्रोव्हो गावच्या शिक्षणकेंद्रात थोडे दिवस धडे गिरवून, बव्हंशी स्वतःच्या खर्चाने, दूरदेशी सेवेस जातात. आपल्याकडे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाचा विधी सांगताना, केस पिकले, अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या आणि नातवंड पाहिले म्हणजे गृहस्थाने पत्नीला पुत्रांच्या स्वाधीन करून अथवा तिला बरोबर घेऊन वनात जावे, असे दोन पर्याय ठेवले आहेत. त्यांपैकी कोणता पत्करावा हे तिला विचारावे, असे मात्र तेथे कोठे आढळत नाही. आणि माझ्या मते या विषयाचे खरे मर्म त्या न विचारलेल्या प्रश्नातच आहे. दप्तरात नाव पडते ते पुरुषाचे. तयारीचा भार मात्र दुसऱ्याच माणसाने अधिक वाहिलेला असतो.

याच मुलखात, खाडीकाठच्या ठाण्यात, १३२१ साली जे घडले त्यातही दांपत्यच आहे, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. फ्रान्सिस्कन पंथाचे चार धर्मोपदेशक वाऱ्यावादळाने ठाण्याच्या बंदरात येऊन पडले आणि एका नेस्टोरियन ख्रिस्ती गृहस्थाच्या घरी उतरले. मुलखावर दिल्लीच्या सुलतानाचा अंमल होता. एके दिवशी त्या घरधन्याचे बायकोशी भांडण जुंपले, त्याने तिला मारहाण केली, आणि ती तडक काझीकडे फिर्याद घेऊन गेली. साक्षीदार कोण, असे काझीने विचारता, घरी उतरलेले चार फिरंगी साधू, असे तिने सांगितले. साक्षीसाठी म्हणून बोलावलेल्या त्या साधूंची धर्मावर उलटतपासणी झाली, वाद विकोपाला गेला, आणि चौघांचाही वध झाला. त्यांच्या अस्थी पुढे ओदोरिक नावाच्या प्रवाशाने चीनपर्यंत नेल्या व ही सारी हकिकत लिहिली. चार हुतात्म्यांची नावे रोमच्या इतिहासात गेली. त्या बाईच्या फिर्यादीचा निकाल काय लागला, हे कोणीही नोंदवले नाही.

पुढची पाचशे वर्षे, त्यांतली वसई-साष्टीतली पोर्तुगीज राजवटही, बाजूला ठेवून आपण १८१३ पर्यंत येऊ. कारण पोर्तुगीजांचे पाद्री अविवाहित असत आणि आपल्या विषयाशी त्यांचा संबंध पोहोचत नाही. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. नॉटबरोबर त्याची पत्नी रॉक्सानाही होती. त्याच तुकडीतल्या ॲडोनिरम जडसनचा विवाह त्याच्या दीक्षाविधीच्या आदल्या दिवशी झाला होता, यावरून त्या बायकांना तयारीसाठी कितपत अवधी मिळाला असेल याची कल्पना यावी. १८३१ साली अहमदनगरला ठाणे बसल्यावर या मिशनने मराठी मुलखात जे काम उभारले, त्यातून नेटिव्ह पाद्री, कीर्तनकार, शिक्षक आणि पुढे १८७८ पासून चाललेली धर्मशिक्षणाची पाठशाळा असा मोठा पसारा वाढला. युटावाल्यांचा प्रयोग मधल्या काळात येऊन गेला तो निराळ्याच धर्तीचा. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा त्यांचा उपदेशक मुंबईस आला, पुण्याच्या लष्करी छावणीत त्याने लहानशी मंडळीही जमवली, पण दोनतीन वर्षांतच गाशा गुंडाळावा लागला. त्या काळी त्या पंथाचे उपदेशक बायकामुलांना मागे ठेवून निघत, म्हणजे मनूचा पहिला पर्याय त्यांनी नकळत पत्करला होता, असे थट्टेने म्हणता येईल.

दुसरा पर्याय आपल्याकडे ज्यांनी आचरून दाखविला त्या दांपत्याचा या खोऱ्याशीही धागा आहे. नारायण वामन टिळक हे जन्माने रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. पण त्यांचे प्राथमिक शिक्षण १८६९ ते १८७३ या काळात कल्याणास झाले, म्हणजे आपल्या अंबरनाथपासून दोनअडीच कोसांवर. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत काव्याचे अध्ययन, शिक्षकाची नोकरी, नागपूर, राजनांदगाव, आणि अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा, हा त्यांचा क्रम सर्वश्रुत आहे. १९०४ साली त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली, नगरच्या धर्मशिक्षणाच्या पाठशाळेत ते शिकवीत, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी विभाग त्यांच्या हाती आला. अशा माणसाला धर्मसेवेच्या तयारीची उणीव ती कसली!

उणीव होती ती घरात, आणि ती भरून काढण्यास त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना जे करावे लागले त्याला कोणत्याही पाठशाळेचा अभ्यासक्रम पुरा पडला नसता. त्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्या. त्यांच्या वडिलांचे सोवळे असे कडक की बाजारातून आलेला जिन्नस, मीठसुद्धा, धुतल्याशिवाय घरात घेतला जात नसे. धुतल्यावर मीठ किती उरे, हा हिशेब त्या घरात कोणी विचारीत नसावे. अशा घरातून अकराव्या-बाराव्या वर्षी टिळकांच्या संसारात आलेल्या या बाईला पतीच्या धर्मांतरानंतर सुमारे पाच वर्षे ताटातूट सोसावी लागली. परत आल्यावरही कित्येक दिवस तिने चूल आणि पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी सक्ती केली नाही, हे त्यांचे मोठेपण; पण जात ही माणसांनीच केलेली आहे असा निवाडा तिने स्वतःच्या बुद्धीने केला आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास ती सिद्ध झाली, तेव्हा तिची परीक्षा खऱ्या अर्थाने पुरी झाली. १९०० साली राहुरीस तिचा बाप्तिस्मा झाला, तो त्या उत्तीर्णतेचा जणू दाखलाच होय.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या पगारी कामाचा राजीनामा दिला, स्वतःस ख्रिस्ती संन्यासी म्हणवून घेतले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात एकत्र बसावेत, अशी त्यांची कल्पना. टिळकांचे वय तेव्हा पंचावन्न, लक्ष्मीबाई एकोणपन्नास. आणि ज्या वयात सरकारी नोकर पेन्शनीचा अर्ज लिहू लागतो त्या वयात या दोघांनी ठरलेले वेतन सोडून नवा डाव मांडला. संन्यास घ्यावयाचा आणि पत्नीसह राहावयाचे, हे शास्त्रीबुवांना रुचण्याजोगे नव्हते. मिशनमधील साहेबांनाही सगळेच पटले असेल असे नाही. मला विचाराल तर शास्त्राच्या दृष्टीने तो संन्यास नव्हताच. तो मनूने मुभा दिलेला सपत्नीक वानप्रस्थ होता, फक्त वनाच्या ठिकाणी सातारा शहर आले होते. व्यवहारदृष्ट्या त्यात धोका होता तो लक्ष्मीबाईंना, कारण हाती आलेला पैसा वाटून टाकणाऱ्या माणसाचा संसार त्यांनी आधीच्या सदतीस वर्षांत अनुभवला होता.

दरबार फार काळ टिकला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत जमशेटजी जीजीभाई इस्पितळात टिळक वारले, आणि त्या व्यक्तिमत्त्वाच्या आधारावर उभी असलेली ती संस्था त्यांच्या मागे ओसरत गेली. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे साडेदहा अध्याय त्यांच्या हातून लिहून झाले होते. जिला अक्षरओळखसुद्धा लग्नानंतर झाली, जोडाक्षरांची जिला भीती वाटे, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले, त्याच बरोबर ‘स्मृतिचित्रे’ सांगून मराठी गद्याला एक अजोड ग्रंथ दिला, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या निवर्तल्या.