आकुर्डीचा शिक्का

बजाजच्या चेतक स्कूटरला कुणी ‘वेस्पाची नक्कल’ म्हटलं की मला राग येतो. वेरूळला कन्नड रस्त्यावर माझं गॅरेज आहे. जुन्या स्कूटरी पुन्हा उभ्या करायचं काम करतो. हल्ली येणाऱ्या बऱ्याच गिऱ्हाइकांची मागणी एकच असते : बजाजचं नाव काढा, इटालियन बॅज लावा, वरून दुरंगी पेंट मारा. मी नाही म्हणतो. का, ते सांगायचं तर जरा मागं जावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धात पियाज्जिओ या इटालियन कंपनीचा पोंतेदेरा इथला विमान कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर विमानं कुणाला हवी होती? कंपनीनं कोरादिनो दास्कानिओ या हेलिकॉप्टरवाल्या इंजिनिअरला स्वस्त दुचाकी बनवायला सांगितलं. त्याला मोटरसायकल मुळीच आवडत नसे. चेन कपडे खराब करते, चाक पंक्चर झालं की हाल होतात. त्यानं चेनच काढून टाकली आणि इंजिन थेट मागच्या चाकाशी बसवलं. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं, म्हणजे चार-पाच नट सोडले की चाक हातात. सांगाडा वेगळा नाहीच, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. एप्रिल १९४६ मध्ये या वेस्पाचं पेटंट दाखल झालं. आजही चेतक उघडली की त्या माणसाचा विचार मला पाना लावताना कळतो.

बजाज १९४८ पासून वेस्पा आयात करत होतं. १९५९ मध्ये इथं बनवण्याचा परवाना मिळाला, १९६० मध्ये आकुर्डीच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं. १९७१ मध्ये पियाज्जिओशी असलेला करार संपला आणि पुढच्याच वर्षी चेतक आली, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. ५७ मिलिमीटरचा बोअर, तितकाच स्ट्रोक, दहा इंची चाकं. आराखड्याचं मूळ इटलीत, हे कुणी नाकारत नाही. पण पुढची तीसेक वर्षं ती दाबली, वेल्ड केली, रंगवली आपल्या माणसांनी. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं आणि हातात आली की जपायची, हेही आपल्याच माणसांनी केलं. एवढं सगळं एका खोट्या बॅजखाली झाकायचं?

लॅम्ब्रेटा या दुसऱ्या इटालियन स्कूटरची गोष्ट तर आणखी ठसठशीत. मुंबईत भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ती बनवत असे. इटलीत तिच्या मूळ कंपनीनं, इनोचेंतीनं, उत्पादन थांबवल्यावर तिथली यंत्रसामग्री भारत सरकारच्या स्कूटर्स इंडियानं विकत घेऊन लखनौला आणली. जन्मगावी बंद पडलेली गाडी आपल्याकडे नव्वदीच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. म्हणून युरोपातले शौकीन आजही भारतीय लॅम्ब्रेटाचे सुटे भाग शोधत असतात.

आमच्या भागात हे सगळं आलं ते वाळूजमुळे. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते बजाजच्या वाळूज कारखान्याचं उद्घाटन झालं. वेरूळ-खुलताबादकडची पोरं ‘कंपनीत’ लागली. घरात महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागला, आणि पत्रा, कास्टिंग, लेथ यांतली अक्कल गावात आली. कंपनीला माल पुरवणारे कारखाने उभे राहिले. त्यांतलाच एक एन्ड्युरन्स, तोही १९८५ चाच. त्याच एन्ड्युरन्सनं २०२० मध्ये इटलीच्या ग्रिमेका आणि अॅडलर या कंपन्या विकत घेतल्या. जुन्या डुकाटी आणि मोटो मोरिनीवर ग्रिमेकाचे ब्रेक असत. ही बातमी वाचली तेव्हा माझी छाती फुगली होती, आजही फुगते.

सुटे भाग मिळवणं हाच या धंद्याचा खरा कस. शहागंजात माझे उस्ताद सांगायचे, नवा पार्ट आधी जुन्याशेजारी ठेव, मग पैसे काढ. बाजारात आज मिळणारे रबर, केबल, ऑइल सील चालून जातात. पत्रा मात्र पातळ येतो. पिस्टनचं दुखणं वेगळं : सिलिंडर घासला की बोअर वाढवायचा आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घालायचा. शेवटच्या मापापर्यंत गेलेला सिलिंडर आला, तर स्लीव्ह टाकून तो पुन्हा मूळ मापावर आणायचा. त्यासाठी चिकलठाण्यातला माझा लेथवाला लागतो, दुसऱ्या कुणाच्या हातात मी सिलिंडर देत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलं तर कधी मूळ हेडलाइटची रिंग मिळते, कधी मॅग्नेटोची प्लेट. भंगारवाल्याला ते लोखंड असतं, किलोनं मिळतं.

रंगाच्या बाबतीत मी हट्टी आहे, आणि तो हट्ट वेरूळनं लावला. कैलास लेण्यावर एके काळी चुन्याचा गिलावा होता, त्यावर रंग होते. त्यावरूनच त्याला रंगमहाल म्हणत. काही छतांवर ते रंग अजून दिसतात, कारण कुणी ते खरवडून काढले नाहीत. मीही डिकीच्या आतला, कंपनीनं मारलेल्या रंगाचा एक तुकडा तसाच ठेवतो. वरचे थर उतरवताना खाली काय सापडलं ते मालकाला बोलावून दाखवतो.

आता तर कायदाही माझ्या बाजूनं आहे. २०२१ मध्ये केंद्रानं जुन्या गाड्यांसाठी नियम केले : पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. नव्यानं नोंदणीला वीस हजार रुपये लागतात. रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणता येत नाही, रॅली-प्रदर्शनाला चालते. अट एकच महत्त्वाची : चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. १९७२ ची पहिली चेतक या वयात बसली आहे. तिचा पत्रा कापून, नंबर घासून इटालियन केलेली गाडी तिथं उभी राहू शकत नाही. सध्या माझ्याकडे त्या पहिल्या वर्षातली एक चेतक आहे. चॅसी नंबर स्वच्छ वाचता येतो, आरसी बुकात निर्माता म्हणून बजाज ऑटो लिहिलंय. तिच्या मालकाला मी नोंदणीचा अर्ज भरायला लावलाय.