चाकणला पाहुणा कोण, कामगार कोण?

पिंपरीला परदेशी तज्ज्ञ काही नवे नाहीत. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तीच जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. पण पाहुणा कोण आणि कामगार कोण, हा प्रश्न ऐरणीवर आला तो २००९ मध्ये. ३१ मार्चला चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी देशभरातल्या प्रकल्पांवरच्या चिनी कामगारांचा मुद्दा तापला, आणि सरकारनं बजावलं: बिझनेस व्हिसावर येऊन प्रकल्पावर राबणाऱ्यांनी ३१ ऑक्टोबरपर्यंत मायदेशी जावं, यायचं तर एम्प्लॉयमेंट व्हिसा घेऊन यावं. पुढे त्या व्हिसाला वर्षाला २५,००० डॉलर पगाराची अट लागली. हेतू सरळ होता. आयटीआय झालेल्या आपल्या पोराला जमणारं काम बाहेरच्यानं करू नये. सूट मिळाली ती परदेशी पदार्थ करणाऱ्या आचाऱ्यांना, दुभाष्यांना.

आता आपण वाकडचा एखादा फ्लॅट डोळ्यांसमोर आणू. परदेशी भाडेकरू आला की घरमालकानं २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची, हे ठरलेलं. पण तो भाडेकरू लॅपटॉपवर बर्लिनच्या कंपनीचं काम करतो, पगारही तिकडचाच. मग तो पाहुणा की कामगार? १९४६ चा परदेशी नागरिक कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला. अशा माणसासाठी वेगळा व्हिसा मात्र आपल्याकडे अजून नाही.