यंत्राची वाचा, यंत्राचे कान

यंत्राला वाचा आधी फुटली. कान पुष्कळ उशिरा आले. हा मागोवा घेताना आपल्याला पेशवाईच्या काळातल्या व्हिएन्नापर्यंत मागे जावे लागते. तिथे वोल्फगांग फॉन केम्पेलेन यांनी भाता आणि थरथरणारी पत्ती यांच्या जोरावर बोलणारे यंत्र घडवले आणि 1791 मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे चार्ल्स व्हीटस्टन यांनी त्याची सुधारित प्रतिकृती केली आणि ती पाहून तरुण अलेक्झांडर ग्रॅहम बेल या विषयाकडे ओढले गेले. बेल यांचेच नाव लावणाऱ्या प्रयोगशाळेत 1952 मध्ये 'ऑड्री' हे यंत्र बोललेले आकडे ओळखू लागले. मात्र ज्याच्या आवाजाशी ते जुळवून घेतलेले असे, त्याचेच, आणि तेही त्याने थांबत थांबत उच्चारले तर. 1976 साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात, मूळचे आंध्रचे राज रेड्डी यांच्या गटाच्या 'हार्पी'ने 1011 शब्दांपर्यंत मजल मारली. मोटारी मात्र अजून नुसत्याच बोलत होत्या. 1980 च्या दशकाच्या आरंभी डॅटसनच्या मॅक्झिमा गाडीत चालकाला सूचना देण्यासाठी चिमुकली ध्वनिमुद्रिका बसवलेली असे.

आता आपण बेंगळुरूला येऊ. 2001 मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि विनय देशपांडे यांची एन्कोर सॉफ्टवेअर कंपनी यांनी 'सिम्प्युटर' जगापुढे आणला. ज्याला अक्षरओळख नाही, त्याला हा हातातला संगणक भारतीय भाषांतला मजकूर वाचून दाखवणार होता. तो फारसा खपला नाही; पण निरक्षर माणसाला संगणकाचा धनी मानणारा त्याचा विचार टिकला.

आवाज ओळखायला यंत्र शिकते ते हजारो तासांच्या ध्वनिमुद्रणांवरून, आणि ती बहुधा शहरी, शिकलेल्या लोकांची असत. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूतल्या संशोधन केंद्राने गरिबांचे आवाजही जमवून पाहायचे ठरवले आणि त्यासाठी मराठी निवडली. ग्रामीण आणि शहरी अल्प उत्पन्न गटांतले लोक आणि विद्यार्थी अशा 36 जणांकडून 109 तासांचे वाचन जमवले. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की गरिबांनी दिलेली ध्वनिमुद्रणे विद्यार्थ्यांच्या तोडीची होती. याच कामातून 'कार्या' ही संस्था उभी राहिली. असे काम करणाऱ्याला ती त्याच्या आवाजाचा मोबदला देते.

ऑड्रीला एका माणसाचा आवाज पुरत असे. आज फोनशी आणि मोटारीशी आपण मराठीत बोलू लागलो आहोत, ते असंख्य अनामिकांनी आपला आवाज दिला म्हणून. त्यांतले पुष्कळजण अजून मोटारीचे मालक नाहीत. यंत्राचा कान कोणाच्या बोलीला उघडेल, हे यापुढे आपण कोणाकडे आवाज मागायला जातो यावर ठरणार आहे.