'सरगॅसम' म्हणालं कोण?

२०१४च्या मार्चमध्ये मोबाइलवर एक बातमी वाचली होती. डॉल्फिनच्या एका शिट्टीचं यंत्राने म्हणे जागच्या जागी भाषांतर केलं होतं. शब्द होता 'सरगॅसम', म्हणजे अटलांटिकमध्ये तरंगणारं एक समुद्रशेवाळ. मी ती बातमी लगेच दोन-तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ढकलली आणि वर आपली अक्कल जोडली, 'बघा, डॉल्फिन बोलला!' पुढे बरीच वर्षं ही गोष्ट मी गप्पांमध्ये अशीच रंगवून सांगत आलो. ती अर्धवट होती, हे मूळ हकिगत नीट वाचली तेव्हा कळलं.

सुरुवात जरा मागून करतो. सप्टेंबर १४९२. कोलंबसची तीन जहाजं मधल्या समुद्रात असताना पाण्यावर हिरव्या-पिवळ्या गवताचे पुंजके दिसू लागले. जमीन जवळ आली, असं खलाशांना वाटलं. ती जवळ नव्हती. सरगॅसमच्या ज्या दोन जाती खुल्या अटलांटिकमध्ये तरंगतात, त्यांना ना मूळ, ना तळाचा आधार. वाटाण्याएवढ्या हवेच्या फुग्यांवर त्या आयुष्यभर तरंगतात आणि तुकडा मोडला की त्याचंच नवं शेवाळ होतं. १७ सप्टेंबरच्या नोंदीत त्या गवतात एक जिवंत खेकडा सापडल्याचं लिहिलंय. त्याच दिवशी 'तोनिना' पुष्कळ दिसले आणि 'नीन्या' जहाजावरच्या लोकांनी त्यातला एक मारला, असंही आहे. आता गंमत अशी, की स्पॅनिशमध्ये 'तोनिना' हा शब्द टूना माशालाही लागतो आणि डॉल्फिनलाही. कोलंबसची मूळ रोजनिशी हरवली, उरला तो लास कासासने केलेला गोषवारा. त्यामुळे त्या दिवशी शेवाळात मेला तो मासा की डॉल्फिन, हे कायमचं अधांतरी राहिलं. माणसाने डॉल्फिनला दिलेल्या नावाचा घोटाळा असा जुना आहे.

विसाव्या शतकात माणूस डॉल्फिनशी बोलायला निघाला, तेव्हाही शब्द माणसाचेच होते. जॉन लिली हा अमेरिकन डॉक्टर डॉल्फिनला चक्क इंग्रजी शिकवायला निघाला होता. १९६५मध्ये कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर एका घरात गुडघाभर पाणी भरून मार्गारेट हाव ही तरुणी पीटर नावाच्या डॉल्फिनबरोबर काही आठवडे राहिली. तिच्या नावातला 'म' म्हणायला पीटरला फार जड जाई. ओठ नसलेल्या प्राण्याला ओष्ठ्य व्यंजन शिकवण्याचा हा हट्ट! पुढे प्रयोगाचे पैसे आटले, पीटरला मायामीच्या छोट्या टाकीत हलवलं आणि तिथे तो लवकरच मेला. हे वाचताना मला लिलीच्या बुद्धीचं कौतुक वाटत नाही, रागच येतो.

त्यानंतर हवाईत लुई हर्मन यांनी बरंच शिस्तीचं काम केलं. अकेअकामाई नावाच्या त्यांच्या डॉल्फिनला हातवाऱ्यांची छोटी वाक्यं समजत आणि शब्दांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो, हेही कळे. पण टाकी माणसाची, चेंडू माणसाचा आणि आज्ञाही माणसाचीच. तिला उलट काही मागायचं असेल, तर त्याची सोय फारशी नव्हती.

डेनिस हर्झिंग यांचं वेगळेपण इथे आहे. १९८५ साली त्या बहामाच्या उत्तरेकडच्या उथळ समुद्रात उतरल्या. खाली पांढरी वाळू आणि पाणी इतकं नितळ, की डॉल्फिनचं वागणं डोळ्यांनी दिसतं. इथल्या ठिपकेवाल्या डॉल्फिनची पिल्लं जन्मतः कोरी असतात, वय वाढतं तसे ठिपके दाट होत जातात. ठिपक्यांवरून एकेकाला ओळखून त्याची आई कोण, मुलं किती, भांडण कुणाशी, याच्या नोंदी ठेवणं हे त्यांचं काम. दर उन्हाळ्यात बोटीवर राहायचं आणि त्यांनी जवळ येऊ दिलं तर पाण्यात शिरायचं. अशी पहिली कित्येक वर्षं नुसती बघण्यात गेली.

बघताना एक खेळ वारंवार दिसला. डॉल्फिन सरगॅसमचा तुकडा चोचीवर घेतो, तिथून कल्ल्यासारख्या पुढच्या पराला अडकवतो, मग शेपटीला, आणि दुसरा झडप घालायला आला की पळतो. आपण लहानपणी मधल्याला चेंडू मिळू न देता खेळायचो, तसलीच हुलकावणी. पाण्यातल्या माणसांनाही ते या खेळात ओढत.

म्हणून १९९७मध्ये हर्झिंग यांच्या गटाने पाण्यात नेता येईल असा कीबोर्ड केला, तेव्हा त्यावरच्या गोष्टी डॉल्फिनच्या आवडीतून निवडल्या. रुमाल, दोरी, बोटीच्या नाळेपुढे लाटेवर स्वार होणं, आणि सरगॅसम. पहिल्या दोन वस्तू माणसाच्या, पण शेवाळ मात्र त्यांच्या घरचं. प्रत्येकीला एक कृत्रिम शिट्टी दिली, डॉल्फिनला सहज नक्कल करता येईल अशी. कीबोर्ड बोजड होता आणि डॉल्फिन चपळ. हा प्रयोग २०००पर्यंत चालला.

पुढे जॉर्जिया टेकचे थॅड स्टार्नर यांच्या मदतीने 'चॅट' नावाचं यंत्र झालं. (आजच्या चॅटबॉटशी याचा संबंध नाही.) पाणबुड्याच्या छातीवर संगणकाचा डबा, पाण्यातले आवाज टिपणारे दोन मायक्रोफोन, कानाजवळ स्पीकर. ठरलेली शिट्टी ऐकू आली, की यंत्र कानात तिचा शब्द सांगणार. ऑगस्ट २०१३मध्ये पाण्यात असलेल्या हर्झिंगबाईंच्या कानात त्यांच्याच आवाजात शब्द आला, 'सरगॅसम'.

बातमीतला क्षण तो हाच. आता मी गाळलेला भाग. ती शिट्टी मुळात माणसांनी बनवलेली होती. तोवर ती एकदाच ओळखली गेली होती. शिवाय शिकवलेल्या शिट्टीपेक्षा ती वरच्या पट्टीतली होती. डॉल्फिनने शेवाळ मागितलं, नुसती नक्कल केली, की योगायोगाने तसा आवाज निघाला, यातलं काहीच त्यावरून सिद्ध होत नव्हतं. हे सगळं त्याच बातमीत खाली लिहिलेलं होतं. मी मथळ्यावरच थांबलो होतो.

आणि तो 'खेळ' तरी खेळच आहे का? अ‍ॅमेझॉन नदीतले गुलाबी डॉल्फिनही गवत, काटक्या, मातीची ढेकळं तोंडात धरून मिरवतात. ती लीला वाटावी अशीच. पण २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की मिरवणारे बहुतेक प्रौढ नर होते, आसपास माद्या असताना हे जास्त होई आणि मारामाऱ्याही तेव्हाच वाढत. म्हणजे ती ऐट होती. बहामातल्या पिल्लांच्या पळापळीला ते लागू करायचं कारण नाही, पण 'खेळ' हेही आपणच चिकटवलेलं नाव आहे, एवढं तरी त्यावरून कळतं.

२०१३ हेच वर्ष आणखी एका कारणाने लक्षात राहावं. त्या वर्षी हर्झिंग यांच्या ओळखीच्या कळपातले सुमारे पन्नास डॉल्फिन, म्हणजे जवळपास निम्मे, खोल खाडी ओलांडून १६० किलोमीटर दक्षिणेला निघून गेले. खाणं कमी झालं असावं, हा संशोधकांचा अंदाज. अठ्ठावीस वर्षांच्या ओळखीवर उभा राहिलेला प्रयोग आणि ओळखीचीच निम्मी मंडळी गाव सोडून गेली. माझ्या बातमीच्या मथळ्यात हे कुठून येणार!

शेवाळाचं मात्र उलटं झालं. २०११पासून आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सरगॅसमचा प्रचंड पट्टा जवळपास दर उन्हाळ्यात दिसू लागला. २०१८मध्ये तो ८,८५० किलोमीटर लांब आणि दोन कोटी टनांहून जड होता. किनाऱ्यावर ते कुजतं, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि हॉटेलवाले बुलडोझर लावून ते उचलतात.

एप्रिल २०२५मध्ये गूगलने 'डॉल्फिनजेमा' जाहीर केलं. हर्झिंग यांच्या चार दशकांच्या ध्वनिमुद्रणांवर शिकवलेलं, डॉल्फिनच्या आवाजांची जुळणी शोधणारं मॉडेल. छातीवरच्या डब्याचं काम आता पिक्सेल फोनवर होतं, आपल्या खिशात असतो तसल्या. यंत्राला शिकवलेल्या वस्तूंमध्ये रुमाल आहे, समुद्रगवत आहे, आणि सरगॅसम अजून आहेच. त्या फोनने ओळखायची ती शिट्टीही माणसानेच बनवलेली. डॉल्फिनकडे त्या शेवाळासाठी स्वतःची काही खूण असेल, तर ती त्या चाळीस वर्षांच्या ध्वनिमुद्रणांमध्ये कुठेतरी पडून असेल.