बंध आणि टाका

रक्तवाहिन्यांवरील शस्त्रक्रियेचा पूर्वेतिहास पाहू जाता असे ध्यानी येते की, जखमी धमनीवर सुमारे साडेतीनशे वर्षे शस्त्रवैद्यांपाशी एकच भरवशाचा इलाज होता, आणि तो म्हणजे ती दोऱ्याने आवळून कायमची बंद करणे. फ्रेंच फौजेबरोबर हिंडणाऱ्या आंब्रोझ पारे याने सोळाव्या शतकाच्या मध्यास, अवयव कापल्यावर तापल्या लोखंडाने डागण्याची अघोरी रीत टाकून, धमन्या बांधण्याचा प्रघात पाडला. आणि १७८५ साली लंडनच्या जॉन हंटरने एका गाडीवानाच्या गुडघ्यामागील धमनीचा फुगवटा मांडीतच धमनी बांधून निकामी केला, तेव्हा आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांनी रक्ताचा भार उचलल्यामुळे त्याचा पाय वाचला. परंतु ज्या वाहिनीला असा पर्यायी मार्ग नसे, तिच्यापुढे ही सारी विद्या हतबल होती.

२४ जून १८९४ च्या रात्री ल्यों शहरी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर खंजिराचा वार झाला, यकृताकडे जाणारी प्रतिहारिणी नीला छेदली गेली, आणि नामांकित शस्त्रवैद्य उशाशी असूनही काही तासांतच त्यांचे प्राण गेले. त्याच शहरात वैद्यक शिकणाऱ्या वीस वर्षांच्या अलेक्सिस कारेलच्या मनाने मात्र घेतले की, अशी वाहिनी शिवता आलीच पाहिजे. ल्यों हे रेशमाचे माहेरघर. तेव्हा त्याने मादाम लरूदिये या निष्णात कशिदाकारिणीपाशी अतिसूक्ष्म सुईदोऱ्याचे धडे घेतले. विद्येचा अभिमान बाजूस ठेवून कारागिराकडे शिकावयास जाण्याइतकी हृद्य घटना शस्त्रवैद्यकाच्या इतिहासात मला दुसरी आढळत नाही.

१९०२ साली त्याने प्रसिद्ध केलेली रीत विलक्षण साधी आहे. वाहिनीची दोन्ही तोंडे समान अंतरावरील तीन टाक्यांनी जोडून ते दोरे ताणले, म्हणजे वर्तुळाचा त्रिकोण होतो, प्रत्येक बाजू सरळ शिवणीसारखी समोर येते, आणि सुई पलीकडच्या भिंतीत अडकण्याचे भय उरत नाही. व्हॅसलीन माखलेल्या रेशमाने कडा किंचित बाहेर वळवून शिवल्या, की आतील गुळगुळीत अस्तर अस्तरास भिडते व रक्त गोठण्यास निमित्त कमी मिळते.

१९१२ साली कारेलला नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही व्यवहारात बंधाचाच अंमल चालू राहिला, आणि याबद्दल त्या काळच्या शस्त्रवैद्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते, कारण रक्त गोठू न देणारे हेपारिन १९१६ साली सापडले असले तरी माणसास देण्याजोगे शुद्ध होण्यास १९३० चे दशक उजाडले, आणि रणांगणावरील जखमी शस्त्रवैद्यापर्यंत पोहोचेतो बहुधा फार उशीर झालेला असे. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन फौजेच्या दप्तरी नोंदलेल्या २,४७१ धमनी-जखमांपैकी ज्यांवर बंध घातला गेला, त्यांतील जवळजवळ निम्म्या सैनिकांचा हात वा पाय कापावा लागला. कोरियाच्या युद्धात हेलिकॉप्टरने त्वरेने आणलेल्या जखमींच्या धमन्या शिवण्याचे धोरण रूढ झाल्यावर हेच प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आले.