बऱ्हाणपूरचे कलावंत : बिदागी, दरमहा आणि दुष्काळ

इ.स. १६१७ मध्ये बादशहा जहांगीरचा मुक्काम मांडूला होता आणि शहजादा खुर्रम दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात होता. बादशहाने बोलावल्यावरून खुर्रमने उस्ताद मुहम्मद नायी या बासरीवादकाला मांडूला पाठविले. त्याने बादशहाच्या नावे रचलेल्या गझलेची चाल वाजवून दाखविली. जहांगीरने आपल्या आत्मवृत्तात नोंद केली आहे की, उस्तादाची रुपयांनी तुला करण्यात आली व ती ६,३०० रुपये भरली. शिवाय हौद्यासह एक हत्ती देण्यात आला आणि रुपये आपल्या भोवती रचून त्याच हत्तीवरून मुक्कामी जावे, अशी आज्ञाही झाली.

मुघलकालीन संगीताचा इतिहास बहुधा अशाच कथांमधून सांगितला जातो. कथा खोट्या नाहीत. पण हत्ती मिळाला तो एका दिवशी, वर्षातील उरलेल्या दिवसांचे काय? गवयाचे, सारंगियाचे, नगारा वाजविणाऱ्याचे घर कशावर चालत होते आणि दुष्काळ पडला, आश्रयदाता मरण पावला किंवा राजधानी हलली म्हणजे त्याचे काय होत असे, हा प्रश्न इनामांच्या कथांत हरवतो. बऱ्हाणपूरसारख्या शहरात तो टाळता येत नाही, कारण या शहरातील पैसा मुख्यतः लष्करी छावणीचा होता. छावणी आली की शहर फुलत असे आणि छावणी उठली की बाजार बसत असे. कलावंतांचे नशीब दरबाराच्या रसिकतेपेक्षा या छावणीच्या पगाराशी अधिक जोडलेले होते.

शहराचे नावच मुळी एका संगीतप्रेमी सूफीवरून पडले आहे. खुलदाबादचे चिश्ती संत हजरत बुरहानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) यांची समाअवरील निष्ठा प्रसिद्ध होती. त्यांच्या नावाने नासिर खान फारुकीने पंधराव्या शतकाच्या आरंभी तापीकाठी हे शहर वसविले आणि फारुकी सुलतानांनी खुलदाबादच्या दर्ग्याला गावेही इनाम दिली. दर्ग्याची ही व्यवस्था कव्वालाच्या दृष्टीने महत्त्वाची होती. उरुसाची तारीख ठरलेली असते, लंगर चालू असतो आणि सुलतान बदलला तरी पीर बदलत नाही. मिळकत थोडी असली तरी खात्रीची होती.

दरबाराची मिळकत याच्या उलट होती. कर्नाटकातून आलेला पुंडरीक विठ्ठल हा ब्राह्मण पंडित फारुकी बुरहान खानाच्या आश्रयास राहिला आणि तेथे त्याने 'सद्रागचंद्रोदय' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. पुढे भातखंड्यांनी ज्या ग्रंथांच्या आधारे मध्ययुगीन रागपद्धतीची चर्चा केली, त्यांत हा ग्रंथ आहे. मुसलमान सुलतानाच्या पदरी बसून ब्राह्मणाने संस्कृतात रागशास्त्र लिहिले, याचे कौतुक नेहमी होते व ते योग्यच आहे. मात्र पुंडरीक खानदेशात कायम राहिला नाही. त्याचे नंतरचे ग्रंथ कछवाह घराण्यातील माधवसिंह व मानसिंह यांच्या आश्रयाने आणि अकबराच्या संबंधात लिहिलेले आहेत. दक्षिणेतून खानदेशात आणि खानदेशातून उत्तरेत, असा त्याचा प्रवास झाला. त्या काळच्या विद्वान कलावंताला एका दाराशी बसून आयुष्य काढणे क्वचितच परवडत असे.

इ.स. १६०१ मध्ये असीरगड पडला, फारुकींची सत्ता संपली आणि बऱ्हाणपूर मुघलांचे दख्खनमधील मुख्य ठाणे झाले. खान-ए-खानान अब्दुर्रहीम येथे दीर्घकाळ राहिला. त्याच्या आश्रयास इराणातून आलेल्या अब्दुल बाकी नहावंदीने १६१६ मध्ये पूर्ण केलेल्या 'मआसिर-ए-रहीमी'त खान-ए-खानानच्या पदरच्या कवी, विद्वान व कारागिरांबरोबर संगीतकारांचीही नावे दिली आहेत. त्यांत तबरीझच्या हाजी इस्माईलचा मुलगा आका मुहम्मद नायी, तबरीझचाच मौलाना अस्वाती, कवी नजीरीचा भाऊ मौलाना शरफ निशापुरी, तंबूर वाजविणारा मुहम्मद मोमिन ऊर्फ हाफिजक आणि तुराणातून आलेला गायक हाफिज नज्र अशी नावे आढळतात. पहिल्या नावाचे मांडूला रुपयांनी तुळलेल्या उस्तादाशी असलेले साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. यादीतील बहुतेक माणसे परदेशी आहेत, ही गोष्ट त्याहून बोलकी आहे. तबरीझ किंवा निशापूर सोडून तापीच्या काठी येणारा वादक केवळ रसिकाच्या शोधात येत नाही, तो दरमहाच्या शोधात येतो. इराणात शाह तहमास्पच्या कारकिर्दीत दरबारी संगीतावर निर्बंध आले होते. हिंदुस्थानातील अमिरांच्या उदारपणाची कीर्ती मात्र इराणभर पसरलेली होती.

हा दरमहा अमिराच्या खाजगी सरकारातून मिळत असे, म्हणजेच अमिराच्या दैवाशी तो बांधलेला असे. इ.स. १६२० मध्ये मलिक अंबरच्या फौजांनी बऱ्हाणपूरला वेढा घातला. पुढे खुर्रमच्या बंडात खान-ए-खानान दोन्ही बाजूंकडून भरडला गेला, त्याचा मुलगा दाराब खान मारला गेला आणि १६२७ मध्ये तो स्वतः दिल्लीत मरण पावला. अशा वेळी सरदाराचे कारखाने मोडत आणि माणसे नवा धनी शोधू लागत. शिपायाला नवा धनी लवकर सापडे, तंबूरवाल्याला तितक्या लवकर नाही.

खरी कसोटी १६३० ते १६३२ या काळात लागली. खान जहान लोदी आणि निजामशाही यांच्याविरुद्धच्या मोहिमेसाठी शाहजहान स्वतः बऱ्हाणपुरात येऊन राहिला आणि त्याच सुमारास गुजरात, खानदेश व दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. सुरतेहून आग्र्याकडे जाणाऱ्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेवरच्या प्रेतांची आणि ओस पडलेल्या गावांची वर्णने लिहून ठेवली आहेत. माळव्यातील धान्य बऱ्हाणपूरकडे जात होते, पण ते मुख्यतः बादशाही छावणीसाठी.

या दुष्काळात वाजविणाऱ्या-गाणाऱ्या सर्वांवर सारखाच आघात झाला असे मानणे चुकीचे ठरेल. खेड्यातील गुरव किंवा मांग वाजंत्री बलुत्याच्या हक्काने सुगीला धान्य घेत असे. पीकच आले नाही तर त्याचे बलुतेही नाही. गावात लग्न नाही, जत्रा नाही. त्याला रोख रक्कम कधी मिळतच नव्हती, त्यामुळे बाजारात धान्य असले तरी ते त्याच्यासाठी नव्हते. नगारखान्यातील वादकाला रोख पगार होता. महागाईने त्या पगाराची किंमत घटली तरी छावणीच्या बाजारात उभे राहण्याची सोय त्याला होती. तिसरा वर्ग शहरातील लग्नकार्यात, अमिरांच्या मैफलींत मिळणाऱ्या बिदागीवर जगणाऱ्यांचा. त्यांना ना बलुते ना दरमहा. अशा माणसांवर दुष्काळात लंगरखान्याच्या रांगेत उभे राहण्याची वेळ आली असेल, तर ती प्रथम याच वर्गावर.

शाहजहानने बऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे लंगर उघडले. बादशाहनामाकार अब्दुल हमीद लाहोरी सांगतो की, तख्तनशिनीचा वार म्हणून दर सोमवारी बऱ्हाणपुरात ५,००० रुपये गरिबांना वाटले जात आणि वीस सोमवारांत अशा रीतीने एक लाख रुपये खर्च झाले. ही रक्कम मांडूच्या आकड्याशेजारी ठेवून पाहिली पाहिजे. एका उस्तादाला एका दिवशी ६,३०० रुपये आणि उपाशी शहराला आठवड्याचे ५,००० रुपये. मुघल दरबाराचा उदारपणा खराच होता, पण तो कोणत्या प्रमाणात कोठे वळत असे, हे या दोन आकड्यांवरून समजते.

दुष्काळ चालू असतानाच १७ जून १६३१ (१७ जिल्काद १०४०) रोजी मुमताज महलचे बऱ्हाणपुरात निधन झाले. तिला तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तात्पुरते दफन करून त्याच वर्षाच्या अखेरीस आग्र्याला नेण्यात आले. ताजमहालाच्या कथेत हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्याच इतिवृत्तांतील दुसऱ्या एका नोंदीकडे मात्र फारसे लक्ष जात नाही: बादशहाने सुमारे दोन वर्षे जवाहीर, अत्तर आणि गाणे-बजावणे वर्ज्य केले. त्याच्या दुःखाविषयी शंका नाही. परंतु बादशहा गाणे ऐकत नाही म्हटल्यावर भोवतालचे अमीर उघडपणे मैफली भरविणार नाहीत. म्हणजे ज्या हंगामात धान्याचे भाव गगनाला भिडले होते, त्याच हंगामात या शहरातील बिदागीचा मोठा झरा आटला. ज्यांचा दरमहा चालू होता त्यांनी तो सुतकाचा काळ रियाजात काढला असेल. ज्यांचा नव्हता त्यांचे सुतक दुहेरी होते.

वीस वर्षांनंतर, १६५३ मध्ये, दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेला औरंगजेब काही महिने बऱ्हाणपुरात राहिला. सुभ्याचा आकार कागदोपत्री ३ कोटी ६२ लाख रुपये होता आणि १६५२ मध्ये प्रत्यक्ष वसुली जेमतेम एक कोटी झाली होती. पगार भागविणे मुश्किल होते. याच मुक्कामात हिराबाई ऊर्फ जैनाबादी या गायिकेवर शहजाद्याचे मन जडले, ही कथा 'अहकाम-ए-आलमगिरी' आणि 'मआसिर-उल-उमरा' यांत वेगवेगळ्या तपशिलांनी येते. औरंगजेबाच्या प्रेमाची कथा म्हणून ती रंगवून सांगितली जाते. हिराबाईच्या बाजूने पाहिले तर चित्र निराळे दिसते. ती मीर खलील या सरदाराच्या जनानखान्यातील होती आणि 'अहकाम'नुसार औरंगजेबाकडील छत्तरबाईच्या बदल्यात तिची देवाणघेवाण झाली. तिच्या गळ्याला मोल होते, पण ते मोल तिच्या हाती पडत नव्हते. ती लवकरच वारली व औरंगाबादेत तिचे दफन झाले. औरंगजेबाने संगीत बंद करून हजारो कलावंतांना उपाशी मारले, या लोकप्रिय समजुतीची शहानिशा अलीकडच्या संशोधनाने केली आहे. १६६८ च्या सुमारास त्याने स्वतःसमोरचे गायन थांबविले, परंतु अमिरांच्या घरी संगीत चालू राहिले. बऱ्हाणपूरच्या कलावंतांना त्या हुकमापेक्षा अधिक नुकसान दोन साध्या गोष्टींनी झाले. एक म्हणजे सुभ्याचे केंद्र औरंगाबादला गेले आणि दुसरी म्हणजे १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने बहादूरपुरा व इतर पुरे लुटले. सावकार लुटला गेला की त्याच्या घरच्या लग्नाचा बाजा लहान होतो.

अठराव्या शतकात शहराला पुन्हा छावणीचे महत्त्व आले. १७२० मध्ये निजाम-उल-मुल्कने असीरगड व बऱ्हाणपूर घेतले आणि १७४८ मध्ये तो येथेच मरण पावला. निजामाच्या लष्कराच्या आश्रयाने येथे पोहोचलेल्या एका कुटुंबाची हकीकत हैदराबादची प्रसिद्ध शायरा माहलका बाई चंदा (१७६८-१८२४) हिच्या चरित्रात आली आहे. तिचा आजा ख्वाजा मुहम्मद हुसेन हा अहमदाबादेत मुघलांच्या महसूल खात्यात नोकर होता. अफरातफरीच्या आरोपामुळे तो परागंदा झाला आणि पत्नी चंदाबीबी मुलांसह उघड्यावर पडली. हे कुटुंब भटकत राजपुतान्यातील देवळियाला पोहोचले. तेथे त्यांना भगतियांनी आसरा दिला. 'आईन-ए-अकबरी'त भगतियांचे वर्णन आहे: गाणी कीर्तनियांसारखी, पण ते निरनिराळी सोंगे घेतात आणि रात्री खेळ करतात. घरात पुरुषाची मिळकत नाही, जमीन नाही, नातलग नाहीत. अशा स्थितीत मुलींनी गाणे-नाचणे शिकून घेतले. पुढे त्या नूर कंवरबाई, पोलन कंवरबाई आणि राज कंवरबाई या नावांनी ओळखल्या गेल्या. देवळियाच्या राजघराण्यातील सालिमसिंहापासून राज कंवरला मेहताब ही मुलगी झाली. राणीवशाचा रोष ओढवल्यावर सर्वांनी देवळिया सोडले आणि बऱ्हाणपूर गाठले.

बऱ्हाणपूरच का, याचे उत्तर आतापर्यंतच्या विवेचनात आहे. तेथे पगार घेणारी फौज होती आणि त्या फौजेबरोबर पुढे जाता येत होते. बहिणींनी तेच केले. लष्करामागोमाग त्या औरंगाबादेस गेल्या व पुढे हैदराबादेत स्थायिक झाल्या. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतरच्या तहात बऱ्हाणपूर पेशव्यांकडे गेले, १७६३ मध्ये निजाम अलीने राजधानी हैदराबादला नेली. जे कलावंत फौजेबरोबर निघाले ते तरले.

ही कुलकथा वाचताना एक सावधगिरी हवी. ती माहलकाच्याच आश्रयाने लिहिलेल्या 'माहनामा' या ग्रंथातून पुढच्या चरित्रकारांनी घेतली आहे. श्रीमंत झालेल्या गायिकेला बारहाच्या सय्यदांशी नाते सांगणे सोयीचे होते, हे उघड आहे. पण कुलीनतेचा भाग बाजूला ठेवला तरी भगतियांकडून घेतलेली कला लपविलेली नाही, ही गोष्ट त्या हकीकतीच्या बाजूने बोलते. केवळ मोठेपणासाठी रचलेल्या कथेत हा भाग सहज गाळता आला असता.

मेहताब पुढे दिवाण रुक्नुद्दौलाच्या घरात गेली आणि तिनेच धाकट्या चंदाला वाढविले. चंदाला संगीताची तालीम कलावंत परंपरेतील खुशहाल खान अनूप याच्याकडून मिळाली. १७९८ मध्ये तिचा उर्दू दीवान संकलित झाला. त्याची एक प्रत तिने १७९९ मध्ये कॅप्टन जॉन माल्कमला भेट दिली आणि ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिला जहागीर मिळाली. आजीच्या कुटुंबाला जे कधीच लाभले नव्हते ते जमिनीचे उत्पन्न नातीच्या नावे झाले. तिच्या काळची एक बावडी हैदराबादेत इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठाच्या आवारात आहे.

त्या उत्पन्नातून तिने आपल्या घरी मुलींना गाण्या-नाचण्याची तालीम देण्याची व्यवस्था ठेवली आणि १७९२ मध्ये मौला अली टेकडीच्या पायथ्याशी आई राज कंवरचा मकबरा बांधला. १८२४ मध्ये तिचे दफनही तेथेच झाले. २०१०-११ मध्ये त्या मकबऱ्याची दुरुस्ती करण्यात आली.