परोक्ष भूतकाळ : काशीत आणि पॅरिसात

काशीस पंचगंगा घाटाच्या नजीक बालाजी घाट आहे. हा घाट, दुर्गाघाट आणि ब्रह्मघाट यांच्या मागील गल्ल्यांतून मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. महाराष्ट्रातून आलेल्या अशा पंडितकुळांनी काशीच्या विद्येत जी भर घातली, तीत व्याकरणाचा वाटा मोठा आहे. अठराव्या शतकात काळे उपनावाच्या नागेशभट्टांनी याच नगरीत भट्टोजी दीक्षितांच्या ‘सिद्धान्तकौमुदी’वर टीका लिहिली, आणि पुढील काळात पाठशाळांतील विद्यार्थी या दोन ग्रंथांच्या आधाराने क्रियापदे चालवू लागले.

त्या विद्यार्थ्याला प्रथमच एक गोष्ट चकित करी. घडून गेलेल्या क्रियेसाठी संस्कृतात एक नव्हे, तीन रूपे आहेत. कोणत्याही भूतकाळाला लुङ्. आज न घडलेल्या क्रियेला लङ्. आणि आज न घडलेल्या, शिवाय बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या क्रियेला लिट्. ‘आज’ म्हणजे किती, हेही भट्टोजींनी ठरवून दिले आहे : गेल्या रात्रीचा उत्तरार्ध, मधला दिवस आणि येणाऱ्या रात्रीचा पूर्वार्ध. ‘न पाहिलेले’ म्हणजे काय, हा वाद तर पतंजलींच्या महाभाष्याइतका जुना. कोणी म्हणे, शंभर वर्षांपूर्वीचे. कोणी म्हणे, सहस्र वर्षांपूर्वीचे. कोणाच्या मते भिंतीआड घडलेलेही परोक्षच. मग स्वतःच्या कृतीविषयी लिट् कसा वापरावा? त्यालाही उत्तर आहे. झोपेत किंवा धुंदीत जे केले, ते कर्त्यालाही परोक्षच असते.

ही केवळ पंडितांची बाल की खाल नव्हे. भट्टोजींचे शतक सतरावे. त्याच शतकात, 1660 साली, पॅरिसात पोर्ट-रॉयलचे प्रसिद्ध व्याकरण छापले गेले. फ्रेंच भाषेला दोन भूतकाळ होते : ‘इल पार्ला’ हे एकपदी रूप आणि ‘इल आ पार्ले’ हे साहाय्यक क्रियापदाने बनलेले. दोहोंचा अर्थ ‘तो बोलला’. परंतु त्या व्याकरणाने नियम सांगितला, की एकपदी रूप आजच्या घटनेला लावू नये. घटना निदान एका दिवसामागची हवी. काशी आणि पॅरिस यांना एकमेकांची वार्ता नसताना दोन्हीकडे ‘आज’ हीच भूतकाळाची सीमा ठरली होती!

दोन्ही रूपांचे कूळही दूरचे नाही. फ्रेंचचे एकपदी रूप लॅटिनच्या पूर्णभूतापासून आले. लॅटिनचे ‘देदी’ आणि संस्कृतचे ‘ददौ’ ही ‘दिले’ या अर्थाची रूपे एकाच मुळाची आहेत. पुढचे भाग्यही सारखेच निघाले. बोलीने अवघड रूपे टाकली आणि धातुसाधित विशेषणावर काम भागवले. लॅटिनमध्ये ‘माझ्यापाशी पत्र लिहिलेले आहे’ अशा रचनेतून फ्रेंचचा संयुक्त भूतकाळ घडला. इकडे ‘मया कृतम्’ या वळणाने प्राकृतांतून मराठीचे ‘मी केले’ आले. मराठीची ही वाटचाल शास्त्रशुद्ध रीतीने मांडणारा ग्रंथ एका फ्रेंच पंडितानेच, ज्यूल ब्लॉक यांनी, लिहिला, ही योगायोगाची गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तथापि फ्रेंचांनी जुने रूप फेकून दिले नाही. ते बोलण्यातून गेले, पण कथेत, इतिहासात राहिले. ‘पार्ला’, ‘पार्लेर’ ही तृतीय पुरुषाची रूपे वाचकाच्या परिचयाची. ‘आम्ही बोललो’ या अर्थाचे ‘पार्लाम’ मात्र आता कानाला विचित्र वाटते. ते रूप येताच वाचक समजतो, की येथे साक्षीदार नव्हे, कथेकरी बोलतो आहे. म्हणूनच 1942 साली आल्बेर काम्यू यांनी ‘लेत्रांझे’ ही कादंबरी मुख्यतः बोलीतल्या संयुक्त भूतकाळात लिहिली, तेव्हा ती निवड लोकांना जाणवली. 1953 मध्ये रोलाँ बार्त यांनी तर या एकपदी भूतकाळालाच कादंबरीच्या बांधणीचा आधारस्तंभ ठरवून त्याची चिकित्सा केली.

मराठीचे काय? ‘राजा रानात गेला’ आणि ‘मुलगा शाळेत गेला’ यांत मराठी क्रियापद भेद करीत नाही. परंतु भेदाची गरज भाषेला उरलीच. ती भागवण्यासाठी मराठीने एक लहानसा शब्द ठेवला : ‘म्हणे’. ‘राजा म्हणे रानात गेला’ असे सांगणारी आजी आपण तेथे नव्हतो हे मोकळेपणाने कबूल करते, आणि गोष्टीची गोडी तसूभरही कमी होत नाही. संस्कृतात लिट्‌शेजारी ‘किल’ येते, त्याच जातीचा हा शब्द.

पाहिलेले आणि ऐकलेले यांची सरमिसळ होऊ न देणे ही व्याकरणाइतकीच व्यवहाराची शिस्त आहे. पंच, पत्रलेखक, बखरकार, बातमीदार, सर्वांना तिची गरज पडते. काशीच्या पाठशाळेने ती लकारांतून शिकवली, पॅरिसच्या ग्रंथकारांनी रूपभेदातून. मराठी माणसाला लिट् चालवता आला नाही तरी चालेल. ‘म्हणे’ कोठे घालावे एवढे मात्र त्याने विसरू नये.